कागदावर बारा वर्षं, विषयात चार

प्रोग्रॅमिंगच्या डेमो लेक्चरमध्ये पडद्यावर पाचाचा फॅक्टोरियल, म्हणजे एक ते पाच या आकड्यांचा गुणाकार, २४ आला. यायला हवा होता १२०. खोलीत निवड समितीचे आम्ही चौघं होतो आणि सोळा-सतरा वर्षांची वीसेक मुलं होती. समोरच्या शिक्षिका बारा वर्षांनी पहिल्यांदा वर्गासमोर उभ्या राहिल्या होत्या.

क्षणभर त्या पडद्याकडे बघत राहिल्या. मग कीबोर्ड सोडून फळ्याकडे गेल्या आणि दोन रकाने आखले. एकावर ‘आय’ लिहिलं, दुसऱ्यावर ‘गुणाकार’. “चला, ड्राय रन करू. मशीनने जे केलं ते आपण हाताने करू या.” एकला एक, दोनला दोन, तीनला सहा, चारला चोवीस. तिथे त्या थांबल्या. “आता पाच यायला हवा होता. पाचाला कोणी अडवलं?”

मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, “रेंजने, मॅडम. रेंज एक ते पाच लिहिलं की पायथन चारलाच थांबतो.”

चूक कुठून आली ते सी ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकवलेल्या कुठल्याही जुन्या शिक्षकाला लगेच कळेल. सीच्या फॉर लूपमध्ये, म्हणजे तीच कृती पुन्हा पुन्हा करवणाऱ्या रचनेत, ‘आय पाचापेक्षा लहान किंवा पाचाइतका असेपर्यंत’ ही अट आपण स्वतःच्या हाताने लिहितो, त्यामुळे शेवटचा आकडा आत की बाहेर हे डोळ्यांसमोर असतं. पायथन या भाषेत ‘रेंज’ म्हणून दिलेल्या आकड्यांतला शेवटचा आकडा धरलाच जात नाही. हाताला सवय जुनी, भाषा नवी.

समितीतल्या एकांनी शेऱ्यात ‘मूलभूत चूक’ असं लिहिलं. मी लिहिलं, ‘विषय येतो, उजळणी हवी.’ आज मला माझाही शेरा तोकडा वाटतो. त्या चार मिनिटांत वर्गातल्या बहुतेक मुलांना लूप आतून दिसला होता. घोकून आणलेल्या बिनचूक लेक्चरमध्ये हे क्वचितच होतं, हे इतकी वर्षं डेमो पाहून मला माहीत असायला हवं होतं.

हे प्रकरण मी सविस्तर लिहिते आहे, कारण असे अर्ज आता वारंवार येतात आणि आम्ही ते कसे वाचतो याबद्दल मला काही सांगायचं आहे. मी त्या वेळी विभागप्रमुख होते आणि पुढे वर्षभर त्यांच्या शेजारच्या लॅबमध्ये शिकवत होते. मजकूर त्यांना दाखवलेला आहे. नाव त्यांच्याच सांगण्यावरून गाळलं आहे.

अर्जातला गॅप

२००४ ते २०११ अशी सात वर्षं त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकवलं. थोरली मुलगी झाली तेव्हा नोकरी सोडली, पुढे धाकटा मुलगा झाला. धाकटा शाळेत रुळल्यावर, २०२३ मध्ये, त्यांनी आमच्याकडे अर्ज केला. अर्जात २०११ ते २०२३ या ओळीसमोर एकच शब्द होता: ‘संगोपन’.

मुलाखतीत एका सदस्यांनी विचारलं, “तुम्ही इकडे आलात की घरी मुलांचं कोण बघणार?” त्या दिवशी आम्ही दोन पुरुष उमेदवारांनाही भेटलो होतो. दोघांनाही लहान मुलं होती आणि त्यांना हे कोणी विचारलं नव्हतं. मी तिथेच बसले होते आणि गप्प राहिले. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं: “सोय केली आहे.” प्रश्न तिथेच मागे घ्यायला लावणं माझं काम होतं. ते मी केलं नाही, आणि त्याची बोच अजून आहे.

आणखी एक गोष्ट मी टिपून ठेवली होती. मुलं वाढवणं हेच मोठं मॅनेजमेंट, असं अशा मुलाखतींत बोलायची पद्धत पडली आहे. त्यांनी ते वाक्य वापरलं नाही. “मी शिक्षिका आहे, मध्ये शिकवत नव्हते, आता पुन्हा शिकवायचं आहे,” एवढंच म्हणाल्या. मला ते आवडलं. मुलांना वाढवणं हे मुलांना वाढवणं आहे, त्याला दुसऱ्या कुठल्या कौशल्याचं लेबल लावून विकायची गरज नाही.

समितीची खरी काळजी ‘बारा वर्षं’ या आकड्याची होती. संगणक क्षेत्रात बारा वर्षं म्हणजे एक युग, असं कोणीतरी म्हणालं आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही. मग रात्री घरी बसून मी आमचाच जुना अभ्यासक्रम काढला.

२०११ मध्ये आमच्याकडे काय शिकवत होते? टर्बो सी++. निळी खिडकी, वरती मेनू, सुरुवातीला ‘कोनिओ डॉट एच’, शेवटी ‘गेटसीएच’. या कंपायलरची, म्हणजे लिहिलेला प्रोग्रॅम मशीनच्या भाषेत आणणाऱ्या सॉफ्टवेअरची, पहिली आवृत्ती १९९० ची. सी++ चं पहिलं प्रमाणित रूप १९९८ मध्ये आलं आणि त्यात प्रोग्रॅमच्या सुरुवातीला जोडायच्या ‘आयओस्ट्रीम’ या फाइलच्या नावामागचं ‘डॉट एच’ गेलं. आमच्या प्रॅक्टिकलच्या वह्यांमध्ये ते डॉट एच त्यानंतर वीस वर्षं टिकलं. चौसष्ट बिटच्या विंडोजवर हा सोळा बिटचा प्रोग्रॅम चालेना, तेव्हा आम्ही डॉसबॉक्स, म्हणजे जुन्या डॉसची नक्कल करणारा प्रोग्रॅम, घालून तो चालवला, पण सोडला नाही. पायथनवर आम्ही आलो २०१९ मध्ये.

म्हणजे त्या घरी होत्या त्या बारा वर्षांपैकी पहिली आठ वर्षं आम्हीही जागचे हललो नव्हतो. रोज लॅबमध्ये येत होतो, पगार घेत होतो आणि २०११ चाच विषय शिकवत होतो. त्यांच्यात आणि आमच्यात विषयाचं अंतर होतं चार वर्षांचं. त्यातही भाषा बदलली होती. व्हेरिएबल, अट, लूप, फंक्शन, ॲरे, शोध, सॉर्टिंग यांतलं काही बदललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी हे समितीसमोर मांडलं. एका सदस्यांना पटलं नाही. तीन विरुद्ध एक मतांनी निवड झाली.

उजळणीचा पहिला प्रयत्न फसला

पहिली चूक आम्हीच केली. रुजू होण्याआधी त्यांना दोन दिवसांच्या प्रशिक्षणाला बसवलं. हजेरीचं पोर्टल, ऑनलाइन वर्गाची व्यवस्था, गृहपाठ अपलोड करायची पद्धत, नवा एडिटर, सादरीकरणाचे साचे. दोन दिवसांत साठ-सत्तर बटणं. बाहेर आल्यावर त्या म्हणाल्या, “मला सगळं येत नाही असं आता वाटायला लागलंय. परवापर्यंत नव्हतं वाटत.”

हे मला महत्त्वाचं वाटतं. परतणाऱ्या माणसापुढे आपण आधी बटणांचा ढीग टाकतो. बटणं आठवड्याभरात अंगवळणी पडतात. पण पहिल्याच दिवशी तीच समोर आली, तर बटणं म्हणजेच विषय, असा समज होतो आणि खरा विषय, जो त्यांना पक्का येत होता, तो दिसेनासा होतो.

मग आम्ही दिशा बदलली. तीन आठवडे त्या माझ्या नवख्या बॅचच्या प्रॅक्टिकलला येऊन बसल्या. शिक्षकाचं लॉगिन न देता विद्यार्थ्याचं लॉगिन दिलं. मुलांना दिलेला प्रत्येक प्रोग्रॅम त्या आधी वहीत पेनने लिहायच्या, शेजारी अपेक्षित आउटपुट लिहायच्या आणि मगच रन करायच्या. अंदाज चुकला की त्या ओळीखाली लाल रेघ. पहिल्या आठवड्यात लाल रेघा भरपूर होत्या: महिरपी कंसांऐवजी इंडेंट (ओळ आत सरकवून लिहिणं), रेंजचं टोक, भागाकाराच्या एका रेघेने अपूर्णांक येणं आणि दोन रेघांनी पूर्णांक. तिसऱ्या आठवड्यात रेघा जवळजवळ संपल्या.

याच काळात त्यांनी जे टिपलं ते मला वीस वर्षांत नीट दिसलं नव्हतं. एका मुलाने व्हेरिएबलला ‘मोठा’ असं नाव दिलं होतं, त्यात यादीतली पहिली संख्या घातली होती आणि पुढे काहीच न करता ‘मोठा’ प्रिंट केला होता. उत्तर चुकलं म्हणून तो वैतागला होता. मी त्याला लूप लिहायला सांगणार होते. त्या आधी त्याच्या शेजारी बसल्या आणि विचारलं, “मशीनला कसं कळेल की तुला सर्वांत मोठी हवी आहे?”

“नाव दिलंय ना, मॅडम.”

नंतर त्या मला म्हणाल्या, “माझा धाकटा वाचायला शिकताना पहिलं अक्षर बघून शब्द ठोकून द्यायचा. चित्रात माकड असलं की ‘मा’ दिसल्याबरोबर माकड. ही मुलं कोड तसाच वाचतात. नाव बघतात आणि अर्थ ठोकून देतात.” शिक्षण-संशोधक रॉय पी यांनी १९८६ मध्ये नवख्या प्रोग्रॅमरांच्या चुकांवर लिहिताना नेमकं हेच मूळ सांगितलं होतं: कॉम्प्युटरच्या आत कुठेतरी आपला हेतू समजून घेणारं मन आहे, असं मुलं नकळत धरून चालतात. मी तो लेख वाचला होता, वर्गात तो मुलगा मात्र मला दिसला नव्हता.

तेरा फॅक्टोरियल

रुजू झाल्यावर पहिल्या सत्रात त्यांना निम्मा भार दिला. दुसऱ्या महिन्यात संख्या मेमरीत कशा साठवतात हा धडा आला. त्या खुशीत होत्या, कारण हा त्यांचा हुकमी तास. २००४ पासूनची वही त्यांनी जपून ठेवली होती.

जुना तास असा होता. मुलांनी आधी हाताने आठाचा फॅक्टोरियल काढायचा: ४०,३२०. मग टर्बो सीवर प्रोग्रॅम चालवायचा. सातापर्यंत उत्तर बरोबर, ५,०४०. आठाला पडद्यावर येतं उणे २५,२१६. धन संख्यांचा गुणाकार ऋण आला म्हटल्यावर वर्गात गलका व्हायचा. तिथून सोळा बिट, म्हणजे शून्य किंवा एक मावणाऱ्या सोळा जागा, तिथून ३२,७६७ ही सर्वांत मोठी संख्या, तिथून चिन्हाचा बिट. ४०,३२० मधून ६५,५३६ वजा करा, उणे २५,२१६ हाताने मिळतं. एका चुकीच्या उत्तरावर अख्खा धडा उभा.

आदल्या रात्री त्यांनी तो पायथनवर चालवून पाहिला. आठाला ४०,३२०. वीसलाही बरोबर. शंभरला १५८ अंकी संख्या, तीही बरोबर. पायथन पूर्णांकाला हवी तितकी जागा वाढवून देतो, त्यामुळे तो फुटतच नाही. सकाळी त्या माझ्याकडे आल्या, वही हातात. “माझा तास गेला,” म्हणाल्या. चेहरा उतरला होता. या वर्षभरात त्या खरोखर खचलेल्या मला त्या एका सकाळी दिसल्या.

मी सुचवलं की सीमध्येच करा, लॅबमध्ये नवा कंपायलर आहे. तिथे पूर्णांक बत्तीस बिटचा आहे, बाराला उत्तर बरोबर येतं आणि तेराला फुटतं. आम्ही दोघींनी चालवून पाहिलं. बाराला ४७९,००१,६००. तेराला १,९३२,०५३,५०४.

त्या बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, “हा जास्त वाईट आहे.”

“का?”

“जुना ऋण यायचा. चूक ओरडून सांगायचा. हा धन आहे, मोठा आहे, खरा वाटतो. हा कोणाच्याच लक्षात येणार नाही.”

तिथे त्यांचा नवा तास तयार झाला. त्या दिवशी मी त्यांच्या वर्गात मागे बसले. त्यांनी फळ्यावर एक ते तेराचे फॅक्टोरियल, कंपायलरने दिले तसे, एकाखाली एक लिहिले आणि सांगितलं, “यातला एक खोटा आहे. कॅल्क्युलेटर नाही, कॉम्प्युटर नाही. शोधा.” पाच-सहा मिनिटं शांतता. कोणी अंक मोजले, कोणी भागाकार करून पाहिला. मग खिडकीजवळचा एक मुलगा उठला. एरवी तो तोंड उघडत नाही.

“शेवटचा खोटा आहे, मॅडम. तेराच्या फॅक्टोरियलमध्ये दोनही आहे आणि पाचही आहे. शेवटी शून्य यायलाच पाहिजे. इथे चार आहे.”

त्या काही बोलल्या नाहीत. खडू त्याच्या हातात दिला आणि बाजूला झाल्या. त्याने फळ्यावर खरं उत्तर मांडलं, ६,२२७,०२०,८००, आणि त्यातून दोनाचा बत्तिसावा घात, म्हणजे ४,२९४,९६७,२९६, वजा करून दाखवला. खोटं उत्तर जसंच्या तसं आलं.

मग पायथन का फुटत नाही, हा प्रश्न मुलांनीच विचारला. शेवटच्या दहा मिनिटांत जुन्या वहीतली दोन टिपणं आली. १९९६ च्या जून महिन्यात आरिआन ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण मिनिटाच्या आत संपलं, ते चौसष्ट बिटची संख्या सोळा बिटांत कोंबताना. आणि बत्तीस बिटांत सेकंद मोजणारी जुनी यंत्रणा जिथे अजून चालू असेल, तिथे १९ जानेवारी २०३८ रोजी तेच होणार आहे. ही टिपणं २००४ ची होती. एक अक्षरही बदलावं लागलं नाही.

त्यांच्या पेन ड्राइव्हवर सॉर्टिंगची ॲनिमेशनही होती, फ्लॅश या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये स्वतः बनवलेली. फ्लॅशचा आधार २०२० च्या अखेरीस बंद झाला, त्यामुळे त्यातलं एकही उघडलं नाही. त्याचं त्यांना वाईट वाटलं, पण फार नाही. त्याच आठवड्यात त्यांनी नंबर लिहिलेली पुठ्ठ्याची कार्डं मुलांच्या हातात दिली आणि मुलांनाच रांगेत जागा बदलायला लावल्या.

जे अवघड गेलं

वर्गात ‘माहीत नाही’ म्हणणं त्यांना सुरुवातीला जमत नव्हतं. ऑगस्टमध्ये एका मुलाने विचारलं, “इथे लिस्ट कॉम्प्रिहेन्शन का नाही वापरलं?” लूपने यादी बनवण्याचं काम एका ओळीत करायची ही पायथनची पद्धत. त्यांनी विषय बदलला. रात्री घरी जाऊन ते शिकल्या, पण तास हातचा गेला होता. याबद्दल आम्ही बोललो. ज्या शिक्षकाची सेवा अखंड आहे त्याने ‘बघून सांगतो’ म्हटलं की ती नम्रता ठरते. बारा वर्षांनी आलेल्या बाईने तेच म्हटलं की तो पुरावा ठरतो. त्यांना हे पक्कं ठाऊक होतं, म्हणून त्या लपवत होत्या. उपाय वर्गात नव्हता, स्टाफरूममध्ये होता. मी आणि दोघा सहकाऱ्यांनी ठरवून मीटिंगमध्ये आपापली अडलेली गोष्ट आधी मांडायला सुरुवात केली. दिवाळखोरी उघड केल्यासारखं वाटलं, पण महिन्याभरात त्या मुलांना म्हणू लागल्या, “मला नाही येत, तू करून दाखव, मग आपण सगळे त्याचा साधा लूप लिहू.”

मुलं गृहपाठ चॅटजीपीटीकडून करून आणत होती, तो प्रश्न माझ्या अंदाजापेक्षा त्यांना सोपा गेला. ते २०२२ च्या नोव्हेंबरअखेर आलं होतं आणि आमचा विभाग सहा महिने बंदी घालायची की नाही यावरच अडून बसला होता. त्या म्हणाल्या, आमच्या वेळी शेजारच्याची वही उतरवायचे. तेव्हाही मी तोंडी विचारायचे, आताही विचारीन. प्रत्येक प्रोग्रॅमला दोन मिनिटं: ही ओळ काढली तर काय होईल, आणि तीनसाठी ड्राय रन करून दाखव. ज्याला जमलं नाही त्याला शून्य न देता उद्या पुन्हा बोलवायच्या.

ऑक्टोबरमध्ये धाकटा आठ दिवस तापाने आजारी होता. त्यांनी कोणाला सांगितलं नाही, रजा घेतली नाही, अर्धवट झोपेत प्रॅक्टिकल घेतली. पाचव्या दिवशी मला कळलं. रजा मागितली तर मुलाखतीतला तो प्रश्न खरा ठरेल, या भीतीने त्या येत राहिल्या होत्या. मी गप्प राहिले होते त्याची ही किंमत, आणि ती त्यांनी मोजली. त्यानंतर आम्ही बॅचच्या जोड्या लावल्या. दोन शिक्षक एकमेकांच्या धड्यांची टिपणं सामाईक ठेवतात आणि कोणीही, कुठल्याही कारणाने, नसलं तरी दुसरा तास घेतो. पहिल्यांदा या सोयीचा उपयोग केला तो वडिलांना दवाखान्यात न्यावं लागलेल्या एका सहकाऱ्याने.

आजची स्थिती

दुसऱ्या वर्षापासून त्या पूर्ण भाराने शिकवतात. अर्जाच्या छापील नमुन्यातला ‘खंडाचे कारण’ हा रकाना काढायला व्यवस्थापनाने मान्यता दिली. त्या जागी आता ‘मागील वेळी कोणता अभ्यासक्रम, कोणत्या भाषेत शिकवला’ असा रकाना आहे. घरच्या सोयीचा प्रश्न कोणालाच विचारायचा नाही, हे समितीच्या सूचनांमध्ये लेखी आलं.

सेवाज्येष्ठतेचं मात्र अडलं आहे. नियमानुसार त्यांची आधीची सात वर्षं धरली जात नाहीत. २०२१ मध्ये लागलेले एक सहकारी, ज्यांना त्या सध्या सी शिकवत आहेत, यादीत त्यांच्या वर आहेत. मी व्यवस्थापनाला दोनदा पत्र दिलं आहे. दुसऱ्या पत्राला त्यांच्या वहीतलं आठाच्या फॅक्टोरियलचं २००४ चं पान जोडलं आणि त्याखाली तेराच्या फॅक्टोरियलचं नवं टिपण. उत्तर आलेलं नाही. पुढच्या महिन्यात तिसरं पत्र देणार आहे.